निरोगी नमुना क्रमांक एक

आमच्या प्रयोगशाळेत मला शून्यबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचा कधी राग आला नाही. उलट अकरा वर्षं मी ते नाव मिरवलं.

पित्तनळीचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असला की रक्तात एक पदार्थ वाढतो. त्याचं नाव सीए एकोणीस-नऊ, पण आम्ही नुसतं एकोणीस-नऊ म्हणतो. आकडा सदतीसच्या आत असला तर ठीक, वर गेला की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. या तपासणीच्या किटची नवी बॅच आली की ती आधी ओळखीच्या रक्तावर चालवून बघायची असते. एक वाढलेल्या आकड्याचं रक्त, एक निरोगी माणसाचं. निरोगी म्हणून कुणाचं घ्यायचं, तर पहिल्या वर्षी आम्ही सहा जणांनी आपापलं काढून मशीनला लावलं. कुणाचा आठ आला, कुणाचा चौदा, साहेबांचा बावीस. माझा आला ‘०.६ पेक्षा कमी’, म्हणजे मशीनला दिसतं त्याच्याही खाली. आमचे साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, भलतेच खूश झाले. “बाई, तुमचं रक्त अगदी धुतल्या तांदळासारखं आहे,” म्हणाले. तेव्हापासून दर बॅचला माझाच दंड पुढे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक संशोधन सुरू झालं. पित्तनळीचा कॅन्सर मोठा लबाड असतो. तो आत कोपऱ्यात दडून वाढतो, आणि माणूस पिवळा पडून दारात येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शरीरात काही न खुपसता, नुसत्या रक्ता-लघवीतल्या खुणांवरून तो आधी पकडता येईल का, हे शोधायचं होतं. त्यासाठी निरोगी माणसांची एक यादी केली आणि तिच्यात सगळ्यात वर मी. ट्यूबवर लेबल लागलं, ‘निरोगी नमुना क्रमांक एक’. मी त्याचा फोटो काढून दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “डोकं तपासलेलं दिसत नाही त्यांनी.”

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. छापखान्यात मशीनवर असतो. चार रंगांची मोठी मशीन, आणि तिचा एकही रंग केसाएवढा सरकलेला त्याला खपत नाही. स्वतः मात्र कुणाचं ऐकेल तर शपथ. गेले दोन महिने त्याच्या अंगाला खाज सुटत होती, तर म्हणे शाईची ॲलर्जी आहे. भूक मेली, तर म्हणे वय झालं. शेवटी एका सकाळी वहिनीने त्याला खिडकीपाशी उभं केलं, पापणी खाली ओढली आणि मला फोन लावला.

“तुझ्या भावाचे डोळे पिवळे झालेत, आणि हा मला सांगतोय की काल पिवळ्या शाईचं काम होतं.”

मी त्याला दुसऱ्याच दिवशी आमच्या हॉस्पिटलात पोटाच्या डॉक्टरांपुढे बसवलं. सोनोग्राफीत पित्तनळी जराशी फुगलेली दिसली. गाठ दिसली नाही, खडाही दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, आत गाळ असेल, सूज असेल, नाहीतर दुसरं काही असेल. दुसरं काही म्हणजे काय, हे वहिनीला कळलं आणि तिने माझा हात घट्ट धरला.

“खात्री करायची तर तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीच्या मुखापर्यंत जावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “ब्रशने आतल्या पेशी खरवडून आणायच्या आणि तपासायच्या.”

“ते जमणार नाही,” दादा म्हणाला.

चार वर्षांपूर्वी त्याच्या जठरात दुर्बीण घातली होती, तेव्हा त्याने अर्धवट गुंगीत एका डॉक्टरांच्या बोटाचा चावा घेतला होता. ती गोष्ट तो अजून विनोद म्हणून सांगतो, पण त्या दिवशी तो किती घाबरला होता, हे मी पाहिलं होतं.

“रक्त घ्या, लघवी घ्या, हवं तेवढं घ्या,” तो म्हणाला. “आत काही घालायचं नाही.”

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. आधी एकोणीस-नऊ बघू. तो साफ आला आणि औषधाने कावीळ उतरायला लागली, तर सहा आठवडे थांबायला हरकत नाही.

दादाचं रक्त मीच मशीनला लावलं. अठरा मिनिटं लागतात. बावीस वर्षं या कामात काढली, पण त्या अठरा मिनिटांत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. स्क्रीनवर आकडा आला, ‘०.६ पेक्षा कमी’. मी खुर्चीत बसले आणि रडले. मग त्याला फोन केला.

“दादा, शून्य! माझ्यासारखंच शून्य!”

“बघ,” तो म्हणाला. “म्हटलं होतं ना? दुर्बीण रद्द.”

माझ्यासारखंच शून्य. हे शब्द माझ्या तोंडातून निघाले, मीच ते आनंदाने ओरडून सांगितले आणि त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. बावीस वर्षांची तंत्रज्ञ मी! पुढचे दोन दिवस मी घरी गाणी गुणगुणत होते, हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी किटची नवी बॅच आली. नेहमीप्रमाणे मी बाही वर केली, रक्त काढलं, मशीनला लावलं. आकडा आला. तो नोंदवहीत लिहायला गेले तर त्याच पानावर, चार ओळी वर, दादाचा आकडा होता. दोन्ही एकसारखे. मी पेन खाली ठेवलं.

कावीळ झालेल्या माणसाचा एकोणीस-नऊ शून्य कसा असेल? पित्त तुंबलं की तो आकडा थोडाफार वर जातो. नुसता खडा अडकलेल्यांचे मी साठ, ऐंशी, दोनशे बघितलेत. औषधं घेऊनही दादाच्या काविळीची पातळी, जी एकच्या आसपास हवी, साडेतीनवरून जेमतेम तीनवर आली होती. एकोणीस-नऊ वर जायला कॅन्सरच हवा असं नाही, पण तो जागचा हललासुद्धा नव्हता. आणि साध्या निरोगी माणसालासुद्धा आठ-दहा असतातच. मला अकरा वर्षांत एकदाही एकसुद्धा का आला नाही? हे कुणीच विचारलं नव्हतं. मी नाही, साहेबांनी नाही, संशोधनवाल्यांनी नाही. शून्य सगळ्यांच्या सोयीचं होतं.

दादाच्या रक्ताची दुसरी ट्यूब, हिमोग्लोबिनसाठी घेतलेली, अजून आमच्या फ्रिजमध्ये होती. ती आणि माझी एक, अशा दोन ट्यूब घेऊन मी खालच्या मजल्यावर रक्तपेढीत गेले. तिथे माझी जुनी मैत्रीण काम करते.

“लुईस गट बघून दे,” मी म्हटलं.

“एवढं काय पेटलंय?”

“आधी बघ, मग बोल.”

रक्ताचे ए, बी, ओ हे गट सगळ्यांना माहीत असतात. लुईस हा तसाच आणखी एक गट. तो नसला तरी माणसाचं काही अडत नाही. फक्त एक होतं, त्याच्या शरीरात एकोणीस-नऊ बनतच नाही. कॅन्सर असो, नसो, तपासणीत कायम शून्य. हे आम्ही शिकताना वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. आणि हा गट नसणं आईवडिलांकडून येतं, म्हणजे एका भावंडात असलं तर दुसऱ्यात असायची बरीच शक्यता असते.

मैत्रिणीने चार काचपट्ट्यांवर थेंब टाकले, प्रत्येक ट्यूबमधले दोन. गट असता तर रक्ताच्या गुठळ्या दिसल्या असत्या. ती काचपट्ट्या हलवत राहिली, मी वाकून बघत राहिले. चारही थेंब गुळगुळीत राहिले.

“तुझ्यातही नाही आणि यातही नाही,” ती म्हणाली. “दुसरी ट्यूब कुणाची?”

“दादाची.”

तिने काचपट्टी हळूच खाली ठेवली.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यांचा तो शांतपणाच मला झोंबला.

“किटच्या तपासणीत काही चूक नाही,” ते म्हणाले. “कोरा नमुना म्हणून शून्य चालतं.”

“किटला चालतं, साहेब. माणसाला चालत नाही. आणि संशोधनात मी निरोगी क्रमांक एक आहे. माझ्या रक्तात ही खूण बनतच नाही आणि तुम्ही मला निरोगीपणाचं माप केलंत.”

“ते मी संशोधनवाल्यांशी बोलेन, योग्य वेळी.”

“आणि दादाचा रिपोर्ट?”

“रिपोर्ट बरोबर आहे. मशीनने जो दिला तो आकडा आपण दिला. आकडा देणं आपलं काम, अर्थ लावणं डॉक्टरांचं. तुम्ही हे घरचं प्रकरण प्रयोगशाळेत आणू नका.”

साहेब वाईट माणूस नाहीत. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय आणि तोवर त्यांना डोक्याला ताप नकोय, एवढंच. पण त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं की मी तशीच बाहेर आले, संगणकावर दादाचा रिपोर्ट उघडला आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ‘या व्यक्तीचा लुईस गट नाही. एकोणीस-नऊ तयार होत नाही. शून्यावरून कॅन्सर नाही असे धरू नये.’ तंत्रज्ञाने त्या चौकटीला हात लावायचा नसतो. मी हात लावला, खाली स्वतःची सही टाकली, छापून घेतला आणि पोटाच्या डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन पेशंटांच्या रांगेत उभी राहिले.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी आधी वैतागून बघितलं. मग कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

“शून्य धरायचं नाही, मग काय धरायचं?” त्यांनी विचारलं.

“काहीच धरायचं नाही. ही तपासणी झालीच नाही असं समजायचं.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “म्हणजे मी सहा आठवडे थांबायला सांगितलं, ते एका न झालेल्या तपासणीच्या भरवशावर,” म्हणाले. “दुर्बीण घालावीच लागेल. पण तुमचा भाऊ तयार होईल?”

“तुम्ही तारीख द्या. भावाचं मी बघते.”

एवढं ठणकावून बोलले खरी, पण छापखान्याच्या पायऱ्या चढताना दादाला कसं सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. दादा मशीनशी उभा होता, हातात भिंग, पुढ्यात ओला कागद. मला बघून त्याने मशीन थांबवली.

“काय गं शहाणे, इकडे कुठे?”

“दादा, तुझं शून्य खोटं आहे.”

“तूच तर म्हणालीस—”

“मी चुकले. माझंही खोटं आहे. आपल्या दोघांच्या अंगात तो पदार्थ बनतच नाही. असलं काय नि नसलं काय, आपला आकडा शून्यच येणार.”

तो लाल झाला. पिवळा माणूस रागाने लाल झाला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. “मग अकरा वर्षं काय झक मारत होतात तुम्ही तिथे? मला शून्य सांगून हसवलंस, तुझी वहिनी दोन दिवस पोटभर जेवली, आणि आता येऊन सांगतेस खोटं? नाही घालून घेणार मी दुर्बीण. जा.”

“नाही जाणार.”

“मशीन चालू करायचीय मला.”

“कर. मी इथेच उभी आहे. तुझ्या मशीनची, तुझ्या साहेबांची, कुणाची मला पर्वा नाही. तू माझ्या देखत मरणार असशील तर कारण तरी खरं असू दे. दुर्बिणीला घाबरून मेला असं मी लोकांना सांगायचं का?”

माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. पलीकडच्या मशीनवरची माणसं बघायला लागली. दादा माझ्याकडे बघेना. त्याने समोरचा कागद उचलला, उजेडात धरला, उगाच. बराच वेळ धरून राहिला. मग त्याच तंद्रीत म्हणाला, “म्हणजे टाकीत शाईच नाही.”

“काय?”

“पिवळ्याची टाकी रिकामी असली की कागदावर पिवळा उठत नाही. नवशिका असला की म्हणतो, चित्रात पिवळा नसेल.” त्याने कागद खाली ठेवला. “मी असल्यांना मशीनला हात लावू देत नाही.”

“मी नवशिकीच निघाले, दादा.”

“निघालीस खरी,” तो म्हणाला. शाईचे हात फडक्याला पुसता पुसता त्याने विचारलं, “पूर्ण झोपवून घालतील ना? नाहीतर मी पुन्हा चावेन, आत्ताच सांगून ठेवतो.”

पूर्ण झोपवूनच घातली. ब्रशने आणलेल्या पेशींत कॅन्सर निघाला. पित्तनळीच्या खालच्या टोकाला, शेंगदाण्याएवढी गाठ. स्कॅन झाले. गाठ अजून तिथेच होती, पुढे सरकलेली नव्हती. सर्जन म्हणाले, काढता येईल, पण सहा आठवड्यांनी आला असता तर मी हे बोललो नसतो. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मला मात्र त्या सहा आठवड्यांचाच एवढा संताप येत होता की दुःख करायला फुरसत नव्हती.

ऑपरेशन सात तास चाललं. त्याच आठवड्यात माझ्या हातात मेमो पडला. तंत्रज्ञाने रिपोर्टवर शेरा लिहून अधिकाराचे उल्लंघन केले आहे, शेरा मागे घ्यावा, पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यावा आणि यापुढे पेशंटशी परस्पर संपर्क साधू नये.

हे शेवटचं वाक्य उगाच नव्हतं. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. मी आणि रक्तपेढीतली मैत्रीण रोज जेवणाच्या सुट्टीत जुन्या नोंदवह्या काढून बसत होतो. कावीळ आहे आणि एकोणीस-नऊ ‘०.६ पेक्षा कमी’, अशी माणसं शोधत होतो. दोन वर्षांत सतरा निघाली. सतरा जण असे, ज्यांना आम्ही शून्य छापून दिलं होतं. मी एकेकाला फोन लावायला लागले. येऊन पुन्हा रक्त द्या, गट बघायचा आहे, एवढंच सांगायचं. दोघे आले, त्यांच्यातही लुईस गट निघाला नाही, त्यांना मी पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. एकाला खरंच खडा होता. दुसऱ्याच्या तपासण्या अजून चालू आहेत.

सहावा फोन एका बाईंनी उचलला.

“ते गेले हो, दोन महिन्यांपूर्वी,” त्या म्हणाल्या. “पण तुमचा रिपोर्ट चांगला आला होता. आम्ही सगळ्यांना दाखवला होता.”

मी त्यांना काय सांगायचं? “हो,” म्हटलं, आणि नंतर बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. त्या दिवशी मी ठरवलं, शेरा मागे घ्यायचा नाही. नोकरी गेली तर गेली.

हे सगळं मी वॉर्डात दादाला सांगितलं. पोटाला टाके, नाकात नळी, आवाज खोल गेलेला, पण त्याने कागद-पेन मागितलं आणि दोन ओळी लिहून छापून आणायला वहिनीकडे दिल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी छापखान्यातून एक नमुना घेऊन आली. पिवळा चिकटकागद, काडेपेटीएवढा, वर काळी अक्षरं. दादाने तो डोळ्यांजवळ धरला आणि परत पाठवला. काळा दाट आला नव्हता आणि ‘शून्य’ हा शब्द त्याला आणखी ठळक हवा होता. वहिनी चिडली. “मरणाच्या दारातून आलाय आणि ठळक हवंय म्हणे,” असं म्हणत पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला त्याच्या मनासारखा निघाला, आणि पाचशे स्टिकरांचा गठ्ठा माझ्या पिशवीत आला.

पहिला मी दादाच्याच फायलीवर लावला. त्याची गाठ परत आली की नाही, हे एकोणीस-नऊवरून आता कधीच कळणार नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन करावा लागणार, आणि कुणीतरी नवा डॉक्टर शून्य बघून सोडून देणार नाही, याची तरतूद हवी. दुसरा माझ्या स्वतःच्या ट्यूबवर लावला, ‘निरोगी नमुना क्रमांक एक’ या लेबलावर, ते पूर्ण झाकलं जाईल असा. आणि पंधराव्या दिवशी सकाळी एका कोऱ्या कागदाच्या मधोमध तिसरा लावला, खाली सही केली आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘या रक्तात एकोणीस-नऊ बनत नाही. शून्य आले तरी थांबू नका.’

“हे काय आहे?”

“खुलासा.”

“बाई, शेरा मागे घेताय की नाही?”

“नाही.”

“चौकशी लागेल. मी थांबवू शकणार नाही.”

“लागू द्या. चौकशीला त्या बाईंनाही बोलवा, ज्यांनी आपला चांगला रिपोर्ट सगळ्यांना दाखवला होता. त्या आल्या तर मी त्यांच्यासमोर शेरा मागे घेईन.”

साहेबांनी चष्मा काढला. मी थांबले नाही. माझ्या टेबलाशी आले, नोंदवही उघडली. सतरापैकी अकरा झाले होते. बाराव्या नावापुढचा नंबर मी प्रयोगशाळेच्याच फोनवरून फिरवला, सगळ्यांच्या देखत. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

चार वेळा रिंग वाजली. पाचव्यांदा एका पुरुषाने उचलला. आवाज थकलेला होता, पण होता.

“कोण बोलतंय?”

“प्रयोगशाळेतून बोलतेय,” मी म्हटलं. “तुमचा रिपोर्ट चांगला आला होता ना, त्याबद्दल बोलायचं आहे.”